पाठमोरं गाव

"हा कोण?" म्हाताऱ्याने माझ्या चित्रातल्या माणसावर बोट ठेवून विचारलं.

"तुम्हीच सांगा. तुमच्या गावचा आहे."

रियादने ते अरबीत सांगितलं. म्हाताऱ्याने कागद लांब धरला, जवळ आणला, मग अलगद माझ्या मांडीवर ठेवला आणि गोड हसून काहीतरी बोलला.

"ते म्हणतात, चांगल्या घरचा दिसतो," रियाद म्हणाला. "पण आमच्या गावात कधी आला नव्हता."

त्या काळी पुण्यात परदेशी पोरं पुष्कळ असायची शिकायला. रियाद त्यांतलाच. गाव पॅलेस्टाइनमधलं, जन्म जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या छावणीतला आणि खोली नाना पेठेत पानसेकाकूंच्या माडीवर. मराठी सगळं काकूंकडूनच शिकलेला, त्यामुळे सहा फुटी दाढीवाला गडी "मी आले", "मी जेवले" असं बोलायचा. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. म्हटलं, जगात एका तरी पुरुषाने बाईसारखं बोलून बघावं.

म्हातारा म्हणजे त्याचे वडील. पोराला पदवी मिळाली म्हणून बघायला आलेले. त्यांना सगळे अबू रियाद म्हणत, म्हणजे रियादचा बाप. त्यांच्याकडे थोरल्या पोराच्या नावानेच बापाला हाक मारतात. छावणीत न्हावीकाम करायचे. बोलायला लागले की थांबायचे नाहीत. पुण्यातला उकाडा, पानसेकाकूंच्या आमटीतला गूळ, विमानात शेजारी बसलेला घोरणारा माणूस, काय वाटेल ते. गावाचं विचारलं की एकच उत्तर, "गाव होतं. आता नाही. चहा घे."

आणि मला तेच गाव हवं होतं.

मी तेव्हा पाट्या रंगवायचे. ट्रकच्या मागे मोर, हॉटेलवर वाफाळता कप. शाळा नववीत सुटली. चित्रकलेच्या कॉलेजात एकदाच गेले, तेही त्यांच्या कंपाउंडची भिंत रंगवायला. आदल्या साली नदीकाठची एक वस्ती पाडली. पेपरवाले पोचेपर्यंत तिथे विटांचा ढीग आणि ढिगावर एक कुत्रं. फोटो निघाला तो त्याचाच. मी तिथल्या बायकांना विचारत विचारत वस्ती पुन्हा उभी केली, कागदावर. कुणाची चूल कुठे, कुणाच्या दारात कसला पिंप. चौकटी आखल्या, खाली त्या बायकांची वाक्यं जशीच्या तशी, शिव्यांसकट. 'ठोसा' नावाचं एक साप्ताहिक होतं, त्याचे संपादक शिरोळे. त्यांनी ते छापलं आणि नाव दिलं, चित्रबातमी. अंक पुन्हा छापावा लागला.

त्या दिवसांत रोज पेपरात पॅलेस्टाइनची दगड मारणारी पोरं असायची. ती दगड का मारतायत हे कुणी सांगेना. जणू तिकडे बारशालाच हातात दगड देतात. शिरोळे म्हणाले, "अनसूया, मुळापासून काढ. अठ्ठेचाळीस सालापासून. सगळा देश नको, एकच गाव घे."

म्हणून हे गाव. ऐन अल-तूत, म्हणजे तुतीचा झरा. अठ्ठेचाळीस साली सैनिकांनी रिकामं केलं, मागाहून घरं सुरुंग लावून पाडली. एकही फोटो नाही. गावच्या डोक्यांची खडान्‌खडा माहिती असलेला एकच माणूस उरलेला, अबू रियाद, कारण तेव्हा त्यांचा बाप गावचा न्हावी आणि ते त्याच्या हाताखाली. शनिवारी त्यांचं विमान. पुन्हा पुण्याला यायची शक्यता शून्य.

"पण बोलत का नाहीत ते?" मी रियादला जिन्यात गाठून विचारलं.

"मला पण नाही सांगत. मी लहान होते तेव्हापासून विचारते. आणि पेपरवाल्यांवर तर राग आहे. एक आला होता अम्मानहून. त्याने छापलं, 'निर्वासित वृद्धाला अश्रू अनावर.' बाबांच्या डोळ्यात साबण गेला होता. दाढी करत होते ते एकाची. आख्ख्या छावणीने चिडवलं, वर्षभर."

मी 'ठोसा'च्या कचेरीत गेले. शिरोळे प्रूफं तपासत बसलेले.

"मिळालं गाव?"

"नाही बोलत म्हातारा."

"मग मला एक जण चित्र देतोय. कॉलेजात शिकवतो. मेलेलं पोर आणि वर वाकलेली आई. मोठं छान जमलंय."

"कुठलं पोर?"

"म्हणजे?"

"नाव काय त्याचं? आई कोण? का पोर नुसतंच मेलंय, शिरोळे काकांचं पान भरायला?"

"तोंड सांभाळून बोल गं."

"पोट भरून रडायचं असेल तर पिक्चरला जावं लोकांनी. बातमी द्यायची तर नावगाव पाहिजे. माणसं मेली हे सगळे सांगतात. ती जगत कशी होती ते सांगायला कुणी तयार नाही."

शिरोळ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "शनिवारपर्यंत. नाहीतर पोर आणि आई."

दुसऱ्या दिवशी मी पाच चेहरे काढून नेले. दाढीवाला, बिनदाढीचा, टकल्या, नकटा, जाड भुवयांचा. म्हटलं, यातलं एक तरी लागेल.

"हा कसा आहे?"

"छान आहे."

"याचं नाक असं होतं का कुणाचं?"

"असेल."

"डोळे?"

"दोन होते."

मी कागद गोळा केले. अंगाचा तिळपापड झालेला, पण पाहुणा माणूस, बापाच्या वयाचा. काय बोलणार? जाता जाता तोंडातून निघून गेलं, "रियाद, यांना सांग, माझे वडील पण न्हावीच आहेत. त्यांच्याकडून पण एक वाक्य काढायचं तर नाकी नऊ येतात."

रियादने सांगितलं. म्हातारा ताडकन उठला. कोट चढवला, टोपी घातली आणि दारात जाऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"ते म्हणतात," रियाद चपला शोधत म्हणाला, "मग आपण इथे काय करत बसलोय?"

आमच्या बाबांचं दुकान म्हणजे दोन गल्ल्या सोडून एक पत्र्याचं छप्पर, त्याखाली एक खुर्ची, एक आरसा. तोही तडकलेला. खुर्चीत रिटायर हवालदार जगदाळे बसलेले, गालाला साबण. बाबा वस्तरा चामोटीवर ओढत होते.

"अन्से, हे कोण?"

"पाहुणे आहेत. तुमच्याच जातीचे."

"न्हावी? कुठले?"

"पॅलेस्टाइनचे."

"ते कुठं आलं?"

"लांब. त्यांचं गाव पाडलं, बाबा."

बाबांनी म्हाताऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाईट झालं. पण इथं खुर्ची टाकायची म्हणत असतील तर सांग बाई, कोपऱ्यावर आधीच दोघं बसलेत."

म्हाताऱ्याचं लक्ष बोलण्याकडे नव्हतंच. त्याने बाबांच्या हातातला वस्तरा घेतला, अंगठ्याच्या नखावर धार बघितली आणि जिभेने चुक् केलं.

"काय म्हणला?" बाबांनी विचारलं.

"काही नाही बोलले," रियाद म्हणाला. "पण धार बरी नाही असं म्हणाले."

"त्यांना म्हणावं, तुमच्या त्या बारक्या चिमट्यासारख्या बोटांनी धरला तर बोथटच लागणार!"

मग जे सुरू झालं त्याला भाषेची गरज राहिली नाही. बाबा मराठीत, तो अरबीत. तू कान कसा दुमडतोस, मी कसा. तुरटी आधी की पाणी आधी. जगदाळ्यांचं डोकं इकडून तिकडे फिरतंय, गालावरचा साबण वाळतोय. मध्येच रियादने सांगितलं की त्यांच्या गावात न्हाव्याला पैसे नसत, सुगीला खळ्यावर गहू मिळे. बाबा थबकले.

"म्हणजे बलुतं?"

"काय ते?"

"वर्षभर डोकी भादरायची आणि सुगीला माप पदरात घ्यायचं. विचार त्यांना, माप टाकताना पाटलाचा हात आखडायचा का?"

रियादने विचारलं. म्हातारा इतका मोठ्याने हसला की समोरचा वाणी बाहेर आला. त्याने ओंजळ केली, ती हळूहळू आवळत मुठीएवढी केली आणि बाबांच्या नाकासमोर धरली. बाबांनी त्याच्या पाठीत थाप मारली. वस्तरा त्याच्या हातात दिला. आमच्या बाबांनी वस्तरा मला कधी दिला नाही, माझ्या भावाला दिला तो पण रडवून.

म्हातारा जगदाळ्यांच्या मागे उभा राहिला. एक गाल उरकला. मानेवरून हात फिरवला आणि तिथेच थांबला. काहीतरी पुटपुटला.

"ते म्हणतात, हे डोकं ओळखीचं वाटतं. गावच्या मुख्तारचं, म्हणजे पाटलाचं, असंच होतं. मागे दोन भोवरे."

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं," बाबा म्हणाले.

"ते म्हणतात, आमच्याकडे दोन भोवरे म्हणजे हट्टी."

"एकूण एकच," जगदाळे म्हणाले.

मी घाईने कागद काढला. "नाक कसं होतं मुख्तारचं?"

म्हाताऱ्याने खांदे उडवले. "नाकासारखं."

तेवढ्यात गल्लीतून कुणी पाठमोरा चालला होता. बाबांनी मान तिरकी केली आणि हाक टाकली, "सोपाना! उद्या ये म्हटलं की आज येतोस आणि आज म्हटलं की पळतोस!" माणूस वळला. सोपानच होता. बाबांनी त्याचं तोंड बघितलंच नव्हतं.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा. जन्म गेला न्हाव्याच्या घरात आणि मी नाक काय विचारतेय, डोळे काय विचारतेय! न्हावी उभा कुठे राहतो? मागे. त्याला माणूस दिसतो तो टाळू, मान आणि कान एवढाच. बाकी मुखडा आरशात, आणि गावातल्या न्हाव्याकडे आरसा असतो तळहाताएवढा, तोही गिऱ्हाइकाच्या हातात.

मी डोकं काढलं. मागून. दोन भोवरे, जाड मान, दोन कान. आणि कागद म्हाताऱ्याच्या समोर धरला.

त्याचा हात हवेत राहिला. "कान," तो म्हणाला. रियादने सांगायच्या आधीच मला कळलं. मी चित्रातला डावा कान बाहेर ओढला. "अजून." अजून ओढला. मानेवर एक आडवी वळी घातली, त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेऊन दुसरी घातली.

"अबू नायेफ!" तो ओरडला. गल्लीत मुख्तारचं नाव एवढ्या जोरात घेतलं की वाण्याने पुन्हा डोकं बाहेर काढलं.

मग थांबायचं नाव नाही. कुणाच्या टाळूवर चंद्रकोरीसारखी खोक, लहानपणी विहिरीवर पडला त्याची. कुणाचे मानेवर केस इतके खाली की सदऱ्यात जात. टकलावर तीळ. जुळे भाऊ, एकाचा भोवरा उजवा, एकाचा डावा, आई सुद्धा डोकं फिरवून ओळखायची. प्रत्येक डोक्याला नाव आणि प्रत्येक नावामागे एक शिवी नाहीतर एक गंमत. माझे कागद संपले. वाण्याने पुड्या बांधायचा खाकी कागद दिला. मी पेपरातल्या फोटोंसारखी सगळ्यांच्या डोक्यावर फडकी काढायला लागले, तर म्हाताऱ्याने खसाखसा खोडली.

"फडकी नव्हती. फडक्यांत पीठ बांधलं होतं."

"का?"

त्याने पुढचा कागद ओढला. मी म्हटलं, "बरं, यांना बसवू कुठे? तुतीखाली?"

"रस्त्यावर," म्हातारा म्हणाला. "चालताना."

 जगदाळ्यांना धीर निघेना. "अहो, ते रस्त्याचं नंतर बघा! माझी अर्धी दाढी राहिलीय. असा जाऊ का घरी? बायको आत घेणार नाही!"

रियादने हसत हसत सांगितलं. म्हाताऱ्याने जगदाळ्यांच्या अर्ध्या गालाकडे पाहिलं. मग खाली, बाबांच्या हत्यारांच्या पेटीवर बसला. आणि सांगायला लागला. रियाद सांगत होता ते मी माझ्या मराठीत देते, नाहीतर सगळं गाव बायकांचं होऊन बसेल.

"कापणीचे दिवस. मुख्तार माझ्यासमोर बसलेला, डोकं अर्धं झालेलं. एवढ्यात खळ्याकडून गोळ्या ऐकू आल्या. मग माणसं पळत आली, म्हणाली, निघा, खळ्यावर दोघांना मारलं. सगळे उठले. मुख्तारपण उठला. मी वस्तरा घेऊन त्याच्या मागे. म्हटलं, बसा, दोन मिनिटांत उरकतो, असं अर्ध्या डोक्याने कुठे निघालात, लोक काय म्हणतील? तो म्हणाला, 'चल रे, परत येऊन करू. आठवड्याचा तर प्रश्न आहे.' बायका-पोरं पुढे, पुरुष मागे, आणि सगळ्यात मागे मी. सरहद्दीपर्यंत मी ते अर्धं डोकं बघत चाललो. छावणीतही त्याने उरलेलं करू दिलं नाही. म्हणायचा, बाकीचं गावातच. सहा महिने तसाच हिंडला, एका बाजूला जंगल, एका बाजूला माळ! शेवटी बायकोने झोपेत कातरलं."

बाबा हसले, जगदाळे हसले, वाणी हसला. म्हातारा सगळ्यांत जास्त हसला आणि त्याने डोळे पुसले. मी ते चित्रात घेतलं नाही.

"मला हे कधीच नाही सांगितलं," रियाद बापाकडे बघत म्हणाला. "मी एवढी विचारत होते."

"तू डोकं कुठे काढून दाखवलंस?" म्हातारा म्हणाला.

मग आम्ही रस्ता मांडला. माणसं लांब जात चाललेली, सगळी पाठमोरी. शेवटी त्याने आणखी दोन डोकी सांगितली. ती खळ्यावर मेलेल्या दोघांची होती.

"हे चालत नव्हते ना?" मी विचारलं.

"चालू दे त्यांना."

"ही बातमी आहे, चाचा. मी खोटं नाही काढणार."

म्हाताऱ्याने टोपी नीट केली. मला वाटलं, आता उठून जातो. बाबा मध्ये पडले, "अन्से, एवढं काय ते, काढ ना!" मी म्हटलं, नाही. मग आम्ही वाद घातला, तिघं दोन भाषांत, आणि शेवटी ठरलं की त्या दोघांना नुसत्या बाहेरच्या रेषेत काढायचं. आत शाई भरायची नाही. ओळीत त्यांची जागा, पण पोकळ. म्हातारा म्हणाला, हे बरोबर आहे.

"आता गाव," मी म्हटलं. "रस्त्यावरून मागे वळून बघितल्यावर कसं दिसत होतं?"

"माहीत नाही."

"म्हणजे? तिथेच वाढलात ना?"

"आतून माहीत आहे. पण त्या दिवशी कसं होतं, दारं उघडी होती की बंद, धूर होता की नाही, ते माहीत नाही. मी वळलो नाही. त्या डोक्याकडेच बघत होतो." त्याने वस्तरा उचलला. "बस बाबा," तो जगदाळ्यांना म्हणाला, "तुझं तरी पुरं करू दे."

शनिवारी तो गेला. 'ठोसा'च्या मधल्या दोन पानांवर चाळीसेक डोकी आणि प्रत्येकाखाली नाव. शिरोळ्यांनी मेलेलं पोर परत पाठवलं, पण माझी पानं हातात घेऊन म्हणाले, "फर्मास. पण पोरी, गावाची चित्रबातमी आणि गावच नाही?"

"नाही मिळालं," मी म्हटलं. छापलं तसंच. रियादने अंकाचा गठ्ठा छावणीत पाठवला, नावं अरबीत लिहून. माझी झोप मात्र गेली. पाट्या रंगवताना हात थांबायचा. सगळं गाव माझ्याकडे पाठ करून निघालेलं आणि ते कुठून निघालं हेच कागदावर नाही.

पावसाळा सरला आणि रियाद एक कॅसेट घेऊन दुकानात आला. त्या काळी लांबची माणसं कॅसेट भरून पाठवायची. बाबांनी गिऱ्हाईक तसंच ठेवून टेपरेकॉर्डर खुर्चीवर मांडला. आधी पुरुषांचा नुसता कालवा. रियादला सांगायला दम पुरेना.

"हा म्हणतो, तो माझा आजा! तो म्हणतो, छट्, ते कान आमच्यात आहेत! हे बघ, आता मुख्तारचा नातू बोलतोय, तो म्हणतो, आमच्या घरात सगळ्यांनी डोकी तपासली, सात जणांना दोन भोवरे आहेत. आता भांडण चाललंय. आता बाबा बोलतायत, ते म्हणतात, गप्प बसा, न्हावी मी आहे!"

आमचे बाबा मान डोलावत होते, सगळं कळल्यासारखी.

मग कॅसेट खट्‌कन थांबली. रियादने ती पलटली. दुसऱ्या बाजूला एका म्हातारीचा आवाज आला, चांगला खणखणीत. दोन वाक्यं झाली आणि रियाद खो खो हसत खाली बसला.

"काय म्हणते?"

"मुख्तारची बायको आहे. ती म्हणते, गावातून काय नुसते पुरुषच निघाले होते? आम्ही काय पोचवायला आलो होतो?"

बाबा म्हणाले, "बरोबर बोलली."

"ती म्हणते, न्हाव्याला मानेपुढचं कधी दिसलंय? त्याला विचारून गाव काढलं, चांगली फसलीस." रियादचं हसू हळूहळू ओसरलं. तो टेपरेकॉर्डरला कान लावून सांगायला लागला. "ती म्हणते, आम्ही बायका पुढे होतो. पोरं कडेवर. पुरुष खाली मान घालून चालत होते, त्यांनी काही बघितलं नाही. आम्ही पावलापावलाला मागे वळत होतो. आम्हाला सगळ्यांची तोंडं दिसत होती. आणि तोंडांच्या मागे गाव. कुठली दारं उघडी राहिली, ते सगळं आम्हाला माहीत आहे. इथे अकरा जणी बसलोय."

माझ्या हाताला रंग होता. मी तो साडीलाच पुसला आणि वाण्याला कागदासाठी हाक मारली.

"थांबव, थांबव ते, मला बसू दे!"

"ती म्हणते, घाई करू नको पोरी," रियाद म्हणाला, "ही बाजू अख्खी आमचीच आहे. आधी टेकडी काढ."